लायब्ररीत जेवायला देतात का

परळच्या त्या सार्वजनिक वाचनालयाला सगळे लायब्ररीच म्हणायचे. खाली वर्तमानपत्रांची लांब टेबलं, वर पुस्तकांची कपाटं आणि त्यांना लागून एक बऱ्यापैकी मोठी खोली. पूर्वी गिरणीची पाळी सुटली की तासभर तिथे गर्दी व्हायची. संप सुरू झाला आणि खालची टेबलं दार उघडल्यापासून भरलेली राहू लागली. माणसं तोच पेपर पुन्हा पुन्हा वाचत. संपाची बातमी आज कितव्या पानावर गेली, यावर हळू आवाजात वाद चालत.

तिथल्या ग्रंथपालांना हे बघवेना. या माणसांना आठवड्यातून एक तास तरी दुसरं काही ऐकायला मिळावं म्हणून त्यांनी शनिवारी संध्याकाळी वरच्या खोलीत गप्पा सुरू केल्या. भाषण नाही, हारतुरे नाहीत. दोन खुर्च्या, एक टेबल, एक पाण्याचा तांब्या. एका खुर्चीवर ते स्वतः आणि दुसरीवर आसपासचंच कुणीतरी. कधी एखादा कलाकार, कधी शिक्षक, कधी दुसऱ्या कुठल्या वाचनालयाचा ग्रंथपाल.

पहिल्याच शनिवारी त्यांनी लालबागचे एक पेंटर बोलावले होते. कामगारांच्या नाटकांचे पडदे ते रंगवायचे. माणूस इतका लाजाळू की अर्धा तास सगळ्या प्रश्नांना हो किंवा नाही एवढंच उत्तर. शेवटी मागून कुणीतरी विचारलं की पडद्यावर चांदणं कसं काढता. त्यावर ते जे बोलायला लागले ते थांबेचनात. निळ्या रंगात किती खळ घालायची, दिव्याखाली तो कसा काळा पडतो, मग त्याला पिवळा कसा चोरून द्यायचा, सगळं हातवारे करून सांगितलं. जाता जाता म्हणाले, संप झाल्यापासून एकाही मंडळानं पडदा सांगितलेला नाही, राजवाडा आणि जंगल दोन्ही गुंडाळून खाटेखाली ठेवलेत. लोक हसले, तेही हसले.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आम्ही दादरला राहायचो. वडील विमा कंपनीत कारकून, आई करी रोडजवळच्या एका शाळेत चौथीला शिकवायची. शाळेतून येताना ती या लायब्ररीत पुस्तक बदलायची. शनिवारी मी तिच्याबरोबर गप्पांना जायला लागले. घरी दोन पगार यायचे. संप आम्हाला पेपरातून आणि आईच्या वर्गातून कळायचा.

त्या गप्पांची सगळी तयारी एक काका करायचे. बाहेरच्या फळ्यावर खडूनं पाहुण्याची माहिती लिहायचे. अक्षर इतकं रेखीव की येणारे-जाणारे थांबून बघत. खुर्च्या मांडणं, टेबलावर चादर घालणं, तांब्या भरून ठेवणं आणि शेवटी दोन मिनिटं आभार मानणं, हे सगळं त्यांच्याकडे. ते गिरणीत साच्यावर होते, म्हणजे माग चालवायचे. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, तो नेहमी धुतलेला. ग्रंथपाल त्यांना विचारल्याशिवाय कार्यक्रमाची वेळसुद्धा ठरवत नसत. आई त्यांना ओळखायची ती मान हलवण्यापुरती. मी त्यांना काका म्हणायचे, पण ते कुठे राहतात, घरी कोण कोण आहे, हे आम्हाला दोघींनाही ठाऊक नव्हतं. विचारावं असं कधी वाटलंही नाही.

गणपती होऊन गेल्यावर ग्रंथपालांनी आईला गप्पांना याल का म्हणून विचारलं. शिक्षण खात्याचं काही नको, ते म्हणाले, वर्गात तुम्हाला रोज काय दिसतं ते सांगा. आई आधी नको म्हणाली. मग तिला बरं वाटायला लागलं. घरी कपडे वाळत घालताना ती मनाशी वाक्यं जुळवायची, मला म्हणून दाखवायची.

तिला वर्गात दिसायचं ते काही सुखाचं नव्हतं. मुलं दुपारी बाकावर झोपायची. प्रार्थनेला एखादं भोवळ येऊन खाली बसायचं. तिच्या वर्गात एक मुलगी होती, अंगानं बारीक, गणितात पटकन हात वर करणारी. मधल्या सुट्टीत ती नळाकडे जाऊन पाणी पिऊन यायची आणि जेवून आले म्हणून सांगायची. आईच्या ते लक्षात आलं तेव्हापासून ती घरून जास्तीची पोळीभाजी न्यायला लागली. आज मला भूक नाही गं, तू खा, असं म्हणून द्यायची. मुलगी अर्धी पोळी खायची आणि अर्धी वहीच्या कागदात गुंडाळून दप्तरात ठेवायची. आईनं एकदा विचारलं, ही कुणासाठी? मुलगी म्हणाली, बाबांसाठी. बाबा रोज सांगतात की मी लायब्ररीत जेवून आलो. मग तिनं आईला अगदी खरं विचारल्यासारखं विचारलं, "बाई, लायब्ररीत जेवायला देतात का?"

आईनं ही गोष्ट घरी सांगितली तेव्हा वडिलांनी ताट बाजूला सारलं होतं.

त्या शनिवारी खोली गच्च भरली होती. आईच्या शाळेतल्या दोघी-तिघी शिक्षिका, दादरचे काही ओळखीचे, आणि भिंतीला टेकून उभे असलेले खालच्या टेबलांवरचे नेहमीचे लोक. आई जरीच्या काठाची साडी नेसली होती. काकांनी तिची खुर्ची पंख्याखाली ओढून दिली आणि आवाज शेवटपर्यंत येईल का बघा, असं म्हणून ते मागे जाऊन उभे राहिले.

आई छान बोलली. ग्रंथपाल थोडं विचारत आणि ती सांगत जाई. मुलांच्या गमती झाल्या, पाढ्यांच्या झाल्या. मग त्यांनी विचारलं, या संपात मुलांचं कसं चाललंय? आईनं नाव न घेता त्या मुलीची गोष्ट सांगितली. वहीचा कागद, अर्धी पोळी, सगळं. आणि शेवटी त्या मुलीच्याच सुरात तो प्रश्न विचारला.

पहिल्यांदा हसू फुटलं. लायब्ररीतच बसून लायब्ररीबद्दलचा असा प्रश्न, कुणालाही हसू येईल. मग ते हसू एकदम बंद झालं. माझ्यापुढच्या रांगेतल्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. भिंतीजवळचे लोक मात्र आईकडे बघत नव्हते. ते खाली बघत होते. मला ते दिसलं, पण त्याचा अर्थ कळला नाही. ग्रंथपाल हातातला कागद उलटसुलट करत राहिले आणि त्यांनी घाईनं पुढचा प्रश्न विचारला, वाचनाच्या सवयीबद्दल.

शेवटी काका पुढे आले. नेहमीसारखे टेबलाशी हात जोडून उभे राहिले. ग्रंथपालांचे आभार मानले, चहावाल्याचे मानले. मग आईकडे वळून म्हणाले, "आमच्या मुलांना बाई रोज आपल्या डब्यातलं देतात, हे आज कळलं. त्यांचे मनापासून आभार." आवाज अगदी सरळ होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनं हात जोडले.

बसमध्ये ती खुशीत होती. किती नेमकं बोलले ना ते, असं दोनदा म्हणाली.

सोमवारी ती मुलगी शाळेत आली नाही. मंगळवारीही नाही. आठवडा गेला तसा आईला राहवेना. हजेरीपटावरून तिनं पत्ता काढला आणि शाळा सुटल्यावर मला बरोबर घेऊन ती त्यांच्या चाळीत गेली. दुसऱ्या मजल्यावर टोकाची खोली. मुलीची आई जमिनीवर बसून पापड लाटत होती, शेजारी एक लहान मुलगा लाट्या मोजत होता. आईला बघून ती गडबडून उठली. हात पुसले, आम्हाला खाटेवर बसवलं, पाणी दिलं.

भिंतीवर एक चौकट होती. तिच्यात जाड कागदावर सुंदर अक्षरात गणपतीचा श्लोक लिहिलेला. मी आणि आईनं तो एकाच वेळी पाहिला. आमच्या ओळखीचं ते अक्षर होतं.

आईनं पुन्हा एकदा त्या चौकटीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला माहीत नव्हतं हो. खरंच माहीत नव्हतं."

मुलीची आई आपल्या मालवणीत म्हणाली, "तुमी खोटा काय सांगूक नाय, बाई. खरा होता म्हणानच त्येंका लागला." मग लायब्ररीबद्दल म्हणाली, "थंय त्येंका मान होतो. आता खंय जातले?"

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर आईला काही बोलता तरी आलं असतं. तिनं सांगितलं की मुलीला घेऊन ते गावाला गेले, तिला आजीकडे ठेवून येतील, गावात शाळा आहे. आई म्हणाली, मुलगी हुशार आहे, तिचं वर्ष मोडू नका, मी स्वतः तिच्याकडे बघेन. त्यावर ती बाई नुसती हसली आणि पोळपाट पुढे ओढून पुन्हा लाटायला बसली. निघताना तिनं आईच्या हातात कागदात बांधून थोडे पापड दिले. आईनं ते घेतले. नाही म्हणण्याची तिची हिंमत नव्हती.

तिथून आम्ही लायब्ररीत गेलो. बाहेरच्या फळ्यावर दुसऱ्याच कुणाच्या तरी तिरक्या अक्षरात पुढच्या शनिवारची माहिती होती. ग्रंथपाल आईला बघून समजले. ते म्हणाले, तुमची एकटीची चूक नाही, वर्गात रोज दिसतं ते सांगा, असं मीच तुम्हाला म्हटलं होतं. मुलीचे वडील रोज दुपारी खाली पाणी पिऊन पेपरात डोकं घालून बसायचे, ते मला दिसायचं. मी चहा विचारायचो, ते आत्ताच झाला म्हणायचे. तुमची गोष्ट अर्ध्यावर आली तेव्हाच मला कळलं कुणाची ते. मला तुम्हाला थांबवता आलं नाही.

त्या रात्री आई वडिलांशी बोलत होती ते मला ऐकू आलं. ती म्हणाली, मुलीनं लायब्ररी म्हटलं तेव्हा मला वाटलं, असेल कुठलंतरी गल्लीतलं वाचनालय. पेपरांचा एखादा बाक. तो माणूस माझ्यासमोर सभेत बसलेला असेल, हे माझ्या मनात आलंच नाही. सभेत आपल्यासारखेच लोक असतात असं मी धरून चालले. हे शेवटचं वाक्य तिनं पुन्हा म्हटलं आणि मग वडील काहीतरी समजूत घालत राहिले.

गप्पा पुढेही काही महिने चालल्या. एका शाळेच्या संगीत शिक्षिका आल्या, गिरगावातल्या एका वाचनालयाचे वयस्कर ग्रंथपाल येऊन वाळवीबद्दल फार मजेदार बोलले. मी जायचे. आई आली नाही. पुस्तक बदलायलाही ती मला पाठवायची. खालच्या टेबलांवरची माणसं हळूहळू कमी होत गेली. कुणी गावाला गेलं, कुणी भाजीची गाडी लावली. संप संपला असं कुणी कधी जाहीर केलं नाही, तो तसाच विरत गेला. गप्पाही तशाच बंद पडल्या.

काही वर्षांनी आईच्या शाळेतल्या शिपायानं तिला सांगितलं की ते फळ्यावर लिहिणारे गृहस्थ गिरगावात एका इमारतीत वॉचमन आहेत. मी तोवर ग्रंथालयशास्त्राचा कोर्स करून नोकरीला लागले होते. आई म्हणाली, चल. आम्ही गेलो. खाकी कपड्यांत ते फाटकाशी स्टुलावर बसले होते. आईला बघताच उठून उभे राहिले आणि बाई बसा म्हणून स्टूल पुढे केलं. आई बसली नाही. दोघंही फाटकाशी उभेच राहिले.

त्यांनी आईची तब्येत विचारली, माझं विचारलं. मी लायब्ररीत काम करते हे ऐकून त्यांना आनंद झाला, तो चेहऱ्यावर दिसला. आईनं मुलीचं विचारलं. नववीपर्यंत शिकली, ते म्हणाले, पुढची शाळा लांब होती, मग लग्न करून दिलं. मग इतकी वर्षं मनात घोळवलेलं सगळं तिनं बोलून टाकलं, की मी असं करायला नको होतं, मला क्षमा करा.

त्यांनी ते शांतपणे ऐकलं. इमारतीतून एक मोटार बाहेर आली, त्यासाठी फाटक उघडलं, बंद केलं आणि परत आले. म्हणाले, "बाई, तुम्ही माझ्या पोरीला जेवण दिलंत. ते मी विसरणार नाही. पण दिलंत तेवढंच ठेवायचं होतं."

आईनं मान हलवली. ते म्हणाले ते तिला पटलं होतं. जरा वेळानं तिनं विचारलं, आता वाचता का काही? ते म्हणाले, इथं पेपर येतो सकाळी, वर नेऊन देण्याआधी चाळतो. लायब्ररीत परत कधी गेलात का, हे आईनं विचारलं नाही.

निवृत्त होताना शाळेनं आईला चार शब्द बोलायला सांगितलं. तिनं सगळ्यांना नमस्कार केला आणि ती खाली बसली. मुख्याध्यापकांना वाटलं, गळा दाटून आला असेल.

आई गेल्यावर दोन-तीन वर्षांनी दादरच्या एका वाचनालयानं मला बोलावलं. जुन्या शिक्षकांवर गप्पांचा कार्यक्रम करत होते. आईबद्दल बोला, एखादा मनाला भिडणारा प्रसंग सांगा, असं फोनवरची मुलगी म्हणाली. मला एकच प्रसंग आठवला. तो सांगायचा असेल तर आधी कुणाला तरी विचारायला हवं, असं वाटलं आणि मी करी रोडला गेले.

चाळीच्या जागी टॉवर झाला होता आणि त्याच्या मागे जुन्या भाडेकरूंची इमारत. तिथे त्या मुलीचा धाकटा भाऊ राहत होता. त्यानं बहिणीला फोन लावला. ती परळच्याच एका हॉस्पिटलात आया म्हणून काम करत होती. ड्युटी संपल्यावर ती भावाकडे आली. पन्नाशीला टेकलेली बाई, अंगानं अजून बारीक. मी कुणाची मुलगी ते सांगताच तिनं माझा हात धरला. बाई गेल्या हे तिला माहीत नव्हतं. वडील त्याआधीच गेले होते.

मी तिला सगळं सांगितलं. तिला बरंचसं ठाऊक होतं. ती म्हणाली, गावाला जाताना एसटीत बाबांनी मला एकदाच विचारलं, बाईंना तू सांगितलंस का. मी हो म्हटलं. ते बरं म्हणाले आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. मग तो विषय कधीच निघाला नाही.

"रागावले असते तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझ्या बोलण्यानं हे झालं. गावच्या शाळेत मास्तरांनी काही विचारलं तरी मी तोंड उघडायची नाही. त्यांना वाटलं, मुंबईची पोरगी मठ्ठ आहे."

गणितात पटकन हात वर करणारी, असं आई तिच्याबद्दल म्हणायची. मी ते तिला सांगितलं. ती थोडी हसली आणि म्हणाली, होय काय? मला नाही आठवत.

इतकी वर्षं मी आईचं दुःख सांभाळत आले होते. ती बोलली, एक माणूस दुखावला आणि तिला ते शेवटपर्यंत छळत राहिलं, अशी ती गोष्ट मला माहीत होती. त्या गोष्टीत एक नऊ वर्षांची मुलगी आपल्याला दोष देत एसटीत बसली आहे, हे मला कधी सुचलं नव्हतं. आईलाही नाही. तिनं मुलीच्या शाळेची काळजी केली, तिच्या बापाची क्षमा मागितली, पण त्या मुलीला मात्र ती पुन्हा कधी भेटली नाही. गावाचा पत्ता मिळवणं काही फार अवघड नव्हतं. आम्ही तो मागितलाच नाही.

भावाच्या बायकोनं चहा आणला. मी विचारलं, हे मी कुठे सांगितलं तर चालेल का? तिनं चहा संपवला. मग म्हणाली, "लिहा हवं तर. नाव घालू नका. पण लोकांसमोर बोलू नका."

मी बरं म्हटलं.

कार्यक्रमाला बरीच माणसं आली होती. मी आईच्या शिकवण्याबद्दल बोलले, तिच्या शिस्तीबद्दल, खडूच्या धुळीनं तिला होणाऱ्या खोकल्याबद्दल. मुलाखत घेणाऱ्या मुलीनं शेवटी तो मनाला भिडणारा प्रसंग विचारला. समोरच्या रांगा मी एकदा शेवटपर्यंत नजरेखालून घातल्या. मग शाळातपासनीस येणार असले की आई आदल्या दिवशी वर्गाला कशी तालीम द्यायची आणि एकदा मुलांनी तपासनिसांच्या प्रश्नाआधीच उत्तर कसं दिलं, ते सांगितलं. लोक मनापासून हसले. मग मी खाली उतरून दादर स्टेशनपर्यंत चालत गेले.